आठवी खाच

नॅरोगेजच्या शेडमधून निवृत्त झालो
तेव्हा साहेबांनी घड्याळ दिलं, ते वर्षात बंद पडलं.
माझ्या कानसा मात्र अजून धार राखून आहेत.
आज त्या पाटावर मांडल्यात,
शेजारी रॉकेलची वाटी, जवसाचं तेल,
धोतर फाडून केलेल्या चिंध्या
आणि गोणपाटातून सोडवलेली वडिलांची रायफल.

परवान्याच्या नूतनीकरणाला गेलो तर बाबू म्हणाला,
"बाबूजी, इस उमर में किससे दुश्मनी?"
म्हटलं, गंजाशी.

बोल्ट तीन दिवस रॉकेलात भिजला, मग हलला,
सांधेदुखीतून उठणाऱ्या माणसासारखा, कुरकुरत.
दौलतगंजात नूर मिस्त्री होते,
त्यांच्या नातवाचं आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान.
स्प्रिंग म्हटल्यावर तो आधी हसला,
मग आजोबांचा पत्र्याचा डबा माझ्यापुढे उपडा केला.
पैसे घेतले नाहीत.

दोरीला चिंधी बांधून नळीतून ओढली.
काळी. परत काळी. विसाव्या वेळी करडी.
खिडकीकडे धरून पाहिलं:
आतला पीळ चकाकत गेलाय
आणि टोकाला वाटाण्याएवढं आभाळ.

आता दस्ता. अक्रोडाचं लाकूड.
एका जागी गुळगुळीत झालंय, तिथे वडिलांचा गाल टेकायचा.
तिथे पॉलिशपेपर लावला नाही.
खाली ओळीनं खाचा. सात.
पाहुण्यांना आम्ही सांगत आलो, सात बिबटे.
खरं म्हणजे सात निवडणुका.
दर वेळी बंदूक ठाण्यात जमा व्हायची,
मुन्शीनं बदलून दुसरीच माथी मारू नये
म्हणून वडील नेण्याआधी एक रेघ कोरायचे.
जंगलखात्यात तीस वर्षं काढली त्यांनी,
मेलेलं जनावर दिसलं की दिवसभर जेवायचे नाहीत.

ऋजुताला एकवीस पूर्ण व्हायला चौदा महिने आहेत.
कॉलेजात ती दहा मीटरवर एअर रायफल मारते,
ठिपक्याला ठिपका चिकटवते.
म्हणते, आबा, ही मला हवी, कपाटात नाही,
रीतसर माझ्या नावावर.
मी होकार दिला आणि हात तेलात बुडवला.

तेल मुरत गेलं तशी आठवी खाच वर आली.
उथळ, वाकडी, भाजीच्या चाकूची.

आमच्यात वरातीत बार काढायची रीत नव्हती,
पण ग्वाल्हेरचं पाणी.
नई सडकेवर गॅसबत्त्या, घोडीवर मी,
कुणीतरी खालून रायफल वर दिली, "दूल्हे राजा, एक."
वडील मागे होते. ओरडले असतील. बँड मोठा होता.
घोडी बुजली. नळी खाली आली.
पन्नालाल क्लॅरिनेट वाजवत होता,
सूर मधेच तुटला, आणि मी आधी चिडलो
की हा थांबला का.

दोन बोटं.
कागदावर आलं: शस्त्र हातातून निसटलं.
निसटलं नव्हतं.
पुढे कंपूच्या नाक्यावर त्यानं पानाची टपरी टाकली.
तीस वर्षं मी तिथलंच पान खाल्लं,
तो तीन बोटांनी चुना लावायचा,
सुपारी जरा जास्तच घालायचा.
एक शब्द नाही. त्याचाही नाही.

लग्नाच्या रात्री मी स्वयंपाकघरात उभा राहून
ती रेघ पाडली. नव्या बायकोनं पाहिलं,
काही विचारलं नाही.
नंतर निवडणुका आल्या, गेल्या,
गोणपाटासकट जमा केली, गोणपाटासकट आणली.
नववी खाच कुणी पाडली नाही.

लाकडाचा भुसा आणि सरस घालून
ती बुजवता येते. दहा मिनिटांचं काम.
भुसा चिमटीत घेतलाही होता.

ऋजुता आलीय. चप्पल न काढताच वाकली,
दस्त्यावरून अंगठा फिरवत मोजते आहे:
पाच, सहा, सात...
"आबा, बिबटे सात ना?
मग ही आठवी?"

चप्पल काढ, म्हणतो. बस.
पाटावरून कानसा बाजूला सारतो.
आधी बोल्ट उघडून बघ, नळी रिकामी आहे ना.
परत बघ.
आता ऐक.